आमची मारबत रोज निघायची

आमच्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. केळापुरात आमची पिठाची चक्की होती, अजून आहे. समोर चक्की, मागं आमच्या दोन खोल्या, अन् मधल्या भिंतीपलीकडं काकाचा संसार. सकाळी बाबा खटका दाबायचे, पट्टा दोन-तीनदा फटफटायचा आणि एकदा दगड फिरायला लागला की सगळ्या घराला घरघर लागायची. फळीवरच्या ताटल्या कापायच्या, पितळी गुंडातलं पाणी थरथरायचं. भाजीत मीठ टाकलं का, एवढं विचारायचं तरी आम्ही ओरडून विचारायचो, आणि आईही चुलीपाशी बसून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं 'टाकलं' म्हणायची. नवा पाहुणा आला की त्याला वाटायचं, या घरात भांडण पेटलंय. माझा आवाज तर लहानपणापासून घोगरा आणि सगळ्यांत मोठा. शाळेत प्रतिज्ञा सांगायला मला उभं करायचे, कारण मला माइक लागायचा नाही. दुपारी लाइन गेली की चक्की थांबायची, आणि तेव्हाच आम्ही जेवायला बसायचो. चक्कीतून काढलेलं कोमट पीठ, त्याची ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर लसणाचं तेल, बाजूला ठेचा. सगळीकडं एकदम शांत झालेलं असायचं, तरी आम्ही ओरडूनच बोलायचो. बाबा हसायचे. म्हणायचे, दगड थांबला, तुम्ही कधी थांबता?

बाबा सातवी शिकलेले. आईची शाळा चौथीत सुटली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी आणि पदवी घेऊन उतरणारी मी पहिली. हे मी कुठंही मान वर करून सांगते, आणि पदवीदानाचा फोटो चक्कीत वजनकाट्याच्या वर लावलेला आहे, पिठानं पांढरा झाला की आई पदरानं पुसते. पण मला शिकायला म्हणून या माणसांनी जो फोन आणला, त्या फोनवर मी काय केलं, तेही त्याच तोंडानं सांगायला पाहिजे. नाहीतर तो फोटो उतरवून ठेवावा.

ते वर्ष शाळा घरात भरायचं वर्ष होतं. मी नुकतीच बारावीत गेले होते. फोन आला तेव्हा आईनं त्याला हळदकुंकू लावलं, काचेवर लागलेलं कुंकू पुसता पुसता माझी पंचाईत झाली. वर्ग दिवसातून दोन तास चालायचा, तोही सरांचं नेट चाललं तर. उरलेल्या वेळात काकाच्या गोलूनं मला गेम शिकवला. गोलू माझ्याहून दोन वर्षांनी लहान, हाडानं बारीक, माझ्या शब्दाबाहेर न जाणारा. त्याच्याकडं त्याच्या बाबाचा जुना फोन असायचा. गेम साधा होता. चार-चार जणांच्या टोळ्या एका बेटावर उतरायच्या, बंदुका शोधायच्या, एकमेकांना मारायचं. बेटाभोवती एक गोल असायचा, तो हळूहळू लहान होत जायचा. गोलाबाहेर जो राहिला तो आपोआप मरायचा. टोळीतले चौघं एकमेकांशी बोलू शकायचे, जसे चौघं एका खाटेवर बसून बोलतात; माइक सगळ्यांसाठी उघडला तर जवळ आलेल्या दुसऱ्या टोळ्यांनाही ऐकू जायचं.

पहिल्याच दिवशी मी माइक चालू केला आणि टोळीत आलेल्या कुठल्याशा दोन पोरांना कळलं की ही मुलगी आहे. पुढची पंधरा मिनिटं ते जे बोलले ते मी इथं लिहिणार नाही. गोलूचे कान लाल झाले. मी फोन गादीखाली टाकला आणि दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी नाव बदलून परत आले. नाव घेतलं 'टिपेश्वरचा वाघ', टिपेश्वर म्हणजे आमच्याजवळचं जंगल. आमच्या भागात वाघ काही नवा नाही, वावराच्या धुऱ्यावर त्याचे पंजे दिसतात. माझा घोगरा आवाज, मागं चक्कीची घरघर, वर वाघ हे नाव. पुन्हा कोणी मला मुलगी आहेस का म्हणून विचारलं नाही. त्यातून मी एक धडा घेतला, की जो आधी दुसऱ्यावर हसतो त्याच्यावर कोणी हसत नाही. हा धडा मी स्वतः शोधून काढला होता, म्हणून त्याचा मला फार अभिमान होता.

तिसरा आमच्यात होता सलीम. पांढरकवड्याला त्याच्या अब्बांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. शाळेत तो माझ्या वर्गात होता, मी कोण हे त्याला माहीत होतं, आणि त्यानं ते कधी कोणाला सांगितलं नाही. चौथा नितेश. तो मुकुटबनचा, अकरावीचा. गोलूला गेममध्येच भेटला होता. वाघ म्हणजे रेणुका नावाची मुलगी आहे, हे गोलूनं त्याला सांगितलं नाही, कारण मी बजावून ठेवलं होतं.

नितेशच्या घरात रेंज नव्हती. तो छतावर जाऊन खेळायचा, तरी त्याचा आवाज दोन सेकंद उशिरा यायचा. आम्ही म्हणायचो, जीपमध्ये बस, जीप निघून गेल्यावर त्याचा आवाज यायचा, "येऊन राह्यलो." आम्ही म्हणायचो, झोप खाली, गोळ्या येतायत, तो मरून पडायचा आणि मग यायचं, "येऊन राह्यलो." महिनाभरात त्याचं नावच 'येऊन राह्यलो' पडलं. तोही हसायचा. आम्ही त्याला घरात कोंडून दारासमोर जीप लावायचो, तो आतून ओरडायचा. एकदा त्यानं आमच्या जीपचे चारही टायर फोडून ठेवले आणि आम्ही बसायला गेलो तेव्हा असा हसला, असा हसला, की हसणंही दोन सेकंद उशिरा संपलं. मस्करी दोन्हीकडून होती. सलीम तेव्हा मला एकटीला फोन करून म्हणाला होता, "देख रेणू, सामनेवाला हसून राह्यला तवरक मस्करी. त्याचं हसणं बंद, तं आपलं भी बंद." मी म्हटलं, मोठा आला शहाणा.

मग पोळा आला. आमच्याकडं पोळ्याला दारात पळसाच्या फांद्या ठेवतात, तीच आमची मारबत. दुसऱ्या दिवशी पहाटे घराघरांतली पोरं त्या उचलतात आणि गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. रोगराई, खोकला, ढेकणं, मोंगसं, इडापिडा, घरात नको ते सगळं तिच्यासोबत धाडायचं. एकानं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी ओरडायचं, घेऊन जा गे मारबत. वर्षातून एकदा गावभर घसा फोडून ओरडायची ती परवानगी असते, आणि आमच्या घरची पोरं त्यात सगळ्यांत पुढं असायची. त्या वर्षी मनाई होती. चार माणसं जमली तरी पोलिसांची गाडी यायची. बाबांनी आमच्या फांद्या मुकाट्यानं घरामागं नेऊन टाकल्या. आईनं पुरणपोळ्या केल्या, पण आदल्या दिवशीच्या सणाचं काहीतरी अर्धं राहिल्यासारखं वाटत होतं.

दुपारी गेममध्ये मीच म्हटलं, आपण इथं काढू मारबत. गोलूनं विचारलं, पण मारबत बनन कोण? दोन सेकंदांनी आवाज आला, "मी बनतो ना बे."

हे मी मुद्दाम लिहून ठेवते. नितेश स्वतः म्हणाला होता. मोठ्या शहरात मारबतीचा पिवळा पुतळा काढतात तसे त्यानं पिवळे कपडे घातले, आम्ही त्याला जीपमध्ये बसवलं आणि गोल सोडून बाहेर निघालो. गोल म्हणजे आमची शिव. मी नाव घ्यायची, बाकीचे ओरडायचे. ऑनलाइन क्लास घेऊन जा गे मारबत. गणिताचा पेपर घेऊन जा गे मारबत. सरांचं नेट घेऊन जा गे मारबत. नितेशही आपल्याच मागं ओरडत होता, उशिरा. गोलाबाहेर नेऊन आम्ही त्याला उतरवलं आणि परत पळालो. तो एकटा पिवळा तिथं नाचत होता, आणि मरता मरता म्हणाला, येऊन राह्यलो. मी हसून हसून गादीवर लोळले. गोलूनं ते सगळं फोनवर उतरवून घेतलं आणि आमच्या भागातल्या गेम खेळणाऱ्या पोरांच्या ग्रुपवर टाकलं. त्या दिवसाला मी आजही वाईट म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा काढली. तिसऱ्या दिवशीही. खरी मारबत एकदा शिवेबाहेर गेली की वर्षभर तिचं नाव निघत नाही. आमची मारबत रोज निघायची. आणि रोज ओरडायला नवं आणायचं कुठून? गणित झालं, नेट झालं. चौथ्या-पाचव्या दिवशी मी ओरडले, नितेशले घेऊन जा गे मारबत. आमच्याकडं मारबतीत जित्या माणसाचं नाव घेत नाहीत. लहानपणी एकदा रागात मी गोलूचं घेतलं होतं तर आईनं तिथंच थोबाडीत दिली होती. मला हे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला ते गेममध्ये लागू होतं असं वाटलं नाही, एवढंच.

त्या दिवशी तो हसला नाही. "आता बस ना," तो म्हणाला.

"काहून?" मी म्हटलं. "तूच तं बनला होता."

पुढं दोन सेकंद गेले, मग चार, मग आवाजच आला नाही. सलीम त्या खेळातून बाहेर पडला. नंतर त्याचा मेसेज आला, उसने बस बोला ना. मी उत्तर दिलं नाही. तो पुन्हा आमच्यात आला नाही, आणि मी गोलूला सांगितलं, जाऊ दे, त्याले गॅरेजमध्ये काम असन.

पुढचे दोन-तीन आठवडे हेच चाललं. नितेश आमच्या टोळीतून गेला, पण गोलूची चित्रफीत ग्रुपभर झाली होती. वणी, घाटंजी, उमरखेड, कुठलीही पोरं त्याला गेममध्ये पाहिलं की गोळी न मारता भोवती गोळा व्हायची आणि सुरू करायची, घेऊन जा गे मारबत. त्यानं नाव बदललं. मीच त्याला ओळखलं. त्याला 'चल' म्हटलं की उत्तर दोन सेकंदांनी यायचं, दुसरं काही बघायची गरजच नव्हती. त्यानं पुन्हा नाव बदललं, मी पुन्हा ओळखलं. पोरं मला मानायला लागली, वाघाला वास येतो म्हणायची. मला ते फार आवडलं. तिसऱ्यांदा नाव बदलल्यावर त्यानं बोलणंच बंद केलं, माइक बंद ठेवून खेळायचा. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं, जो बोलत नाही तोच तो. मग जो कोणी गप्प असेल त्याला घेरायचे. त्यांत किती पोरं फुकट घेरली गेली असतील, देव जाणे.

कॉलेजात असताना एकदा वर्गात चर्चा निघाली होती, की मस्करी कुठं संपते हे ठरवायचं कसं, ते अवघड असतं, प्रत्येकाचं वेगळं असतं. पोरं-पोरी छान छान बोलली. माझ्या बाबतीत ते अवघड नव्हतं. नितेश 'बस' म्हणून ती जागा दाखवून गेला होता.

मग नितेश गेममधून गेलाच. शोधूनही सापडेना. सापडत नाही म्हणून मला चीड आली, हे मी लपवत नाही. गोलूच्या फोनमध्ये त्याचा नंबर होता. तो ग्रुपवर टाकायला मीच सांगितलं, आणि पहिला फोन मीच लावला, गोलूच्या फोनवरून. भर दुपार होती, चक्की जोरात चालू होती. पलीकडून फोन उचलला गेला आणि कोणी बोललं नाही. मला वाटलं, हा त्याचा उशीर. मी म्हटलं, काय बे, येऊन राह्यलो का? आणि मग चक्कीच्या वर आवाज चढवून सगळं म्हटलं, त्याच्या नावासकट, दोनदा, तीनदा. गोलू तोंडावर उशी दाबून हसत होता. पलीकडून शेवटपर्यंत श्वास ऐकू येत होता. फोन मी कापला.

ती बाई आली तेव्हा दसरा आठ-दहा दिवसांवर होता. चक्कीत डबे घेऊन पाच-सहा जणी उभ्या होत्या, मी वजनकाट्यापाशी बसले होते. पांढरकवड्याहून चालत आल्यासारखी तिची पावलं धुळीनं भरलेली, हातात कापडी पिशवी. बाबांपाशी जाऊन ती काहीतरी म्हणाली. बाबांना ऐकू गेलं नाही. ते ओरडले, काय म्हणता बाई? ती पुन्हा तेवढ्याच आवाजात म्हणाली. तिसऱ्यांदाही तिनं आवाज चढवला नाही. तेव्हा बाबांनी जे केलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. दगडावरच्या चाडीत अर्धे गहू असताना त्यांनी खटका बंद केला. दाण्यावर दगड थांबवला की पुन्हा सुरू करताना पट्टा तुटायची भीती असते, म्हणून ते कधीच तसं करत नसत.

"भाऊ, गोलू कोण हाय?" ती म्हणाली. "माह्या पोराले इथून मारबतीत धाडलं."

डबेवाल्या जणींत एकदम कुजबूज झाली आणि तितक्याच एकदम थांबली. तिनं हळूहळू सांगितलं. पोराला ताप आला, औषधानं उतरला, पण बोलणं गेलं. पंधरा दिवस झाले, तोंडातून शब्द नाही. वर छतावर जाऊन बसतो. जेव म्हटलं की दोन घास खातो, हो नाही की नाही नाही. डॉक्टरनं घसा पाहिला, घशात काही नाही. आणि पोरानं मित्रांना दिलेला नंबर तिच्या फोनचा, त्यावर रोज फोन येतात, पोराचं नाव घेऊन मारबत म्हणतात. पहिला फोन तिनंच उचलला होता. तो नंबर ती चिठ्ठीवर लिहून घेऊन आली होती. पोराच्या फोनमधल्या सलीम नावाच्या दुसऱ्या पोराला तिनं विचारलं, तर त्यानं हा नंबर केळापूरच्या चक्कीवरच्या गोलूचा आहे एवढंच सांगितलं. भांडायला आली नाही, ती म्हणाली. ज्यानं धाडलं त्यानं परत बोलवावं, एवढंच सांगायला आली.

काकानं गोलूला बखोटीला धरून आणलं. चिठ्ठीवरचा नंबर त्याच्याच फोनचा. काकानं एक ठेवून दिली, मग दुसरी. कायले केलं बे, कायले? गोलूच्या गालावर काकाच्या पिठाच्या हाताची पाची बोटं उठली. तो रडत नव्हता. तो माझ्याकडं बघत होता, पण माझं नाव त्यानं घेतलं नाही. मी उठून बोलणार आहे असं मला वाटत होतं, आणि मी उठत नव्हते.

बाबा त्या बाईला म्हणाले, "पोट्टं लहान हाय, बाई. त्याले समजत नाही. हे माही पोरगी पाहा, बारावीले हाय, असल्या भानगडीत नसते ते. हेच समजावन त्याले."

बाईनं माझ्याकडं पाहिलं. चांगल्या नजरेनं पाहिलं. म्हणाली, सांग बाई तूच याले, तू शिकून राह्यली. काकानं तिसऱ्यांदा हात उचलला. मला फक्त तो हात थांबवायचा होता. मी म्हटलं, "जाऊ द्या ना काकू, पोरं मस्करी करतात."

चक्की बंद होती, तरी मी ओरडूनच बोलले. आमच्या घरात दुसरं बोलणं कोणाला येत नव्हतं.

बाईच्या हातातली पिशवी खाली पडली. "भाऊ," ती बाबांना म्हणाली, "हाच आवाज होता."

"हे तं माही पोरगी हाय."

"हाच होता."

आमच्याकडं पुढं ही गोष्ट सांगताना आई म्हणायची, रेणूनं कबूल केलं. मी कबूल केलं नव्हतं. मी पकडले गेले. बाबांनी मला विचारलं, तू होती काय? मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, वजनकाट्याच्या ताटाकडं बघत राहिले. बाबांनी मला मारलं नाही. ते म्हणाले, फोनवर काय म्हटलं होतं ते म्हण. मी पुटपुटले. "मोठ्यानं," ते म्हणाले. "फोनवर मोठ्यानं म्हटलं ना? तसं म्हण." पाच-सहा डबेवाल्या, काका, काकू, गोलू, दारात आलेली आई, सगळ्यांसमोर मी ते म्हटलं. थांबलेल्या चक्कीत माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला. बाईनं दोन्ही कानांवर पदर दाबून धरला होता. बाबा खाली बसले, पिठाच्या पोत्यावर, आणि बराच वेळ आपल्या हातांकडं बघत राहिले. तेवढं वाईट मला त्यांनी मारलं असतं तरी वाटलं नसतं.

"आता परत बोलव," बाई म्हणाली.

कोणालाच माहीत नव्हतं कसं. मारबतीला परत बोलवायची रीतच नाही. डबेवाल्यांतली एक म्हणाली, देवीला नारळ फोडा, जगदंबेचं देऊळ इथंच आहे. दुसरी म्हणाली, मीठमोहऱ्या उतरवा. शेवटी आई पुढं आली. ती एरवी माणसांत बोलत नसे. "मारबतीले कोणी परत बोलवत नाही, बाई," ती म्हणाली. "पोराले बोलवता येते. घेऊन जा हिले."

बाबांनी चाडीतले गहू हातानं उपसून ज्यांचे त्यांना परत केले, चक्कीला कुलूप लावलं, आणि आम्ही तिघं पांढरकवड्याहून मुकुटबनच्या एसटीत बसलो. गाडी जवळजवळ रिकामी होती. बाबा पुढं बसले, बाईनं मला आपल्या शेजारी बसवलं. रस्त्यानं दोन्हीकडं कपाशीच्या पराटीला बोंडं धरली होती. अर्ध्या वाटेत तिनं पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकर काढली, येताना खायला आणलेली, न खाल्लेली. तिनं ती मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर मिरचीचा ठेचा. मला नको म्हणायची हिंमत नव्हती, मी ती खाल्ली. तिनं मला कुठलाही प्रश्न विचारला नाही. फक्त एकदा म्हणाली, लहानपणी तो लई बडबड्या होता, शेजारी वैतागायचे.

त्यांचं घर गावाच्या टोकाला होतं, वर अर्धवट स्लॅब, स्लॅबमधून निघालेल्या सळया. जिन्याला कठडा नव्हता. बाबा अंगणात थांबले. बाई जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिली आणि मला हातानं म्हणाली, जा. मी वर गेले तेव्हा तो पाठमोरा बसला होता, फोन वगैरे काही नव्हता हातात. मी समजत होते त्याहून उंच होता, आणि मान फार बारीक होती. मी गाडीत सगळं जुळवून ठेवलं होतं. कसं सुरू करायचं, माफी कुठं मागायची. ते सगळं गेलं. मी फक्त त्याचं नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या हळू बोलले असेन.

तो वळला. बराच वेळ माझ्याकडं, माझ्या ड्रेसवरच्या पिठाकडं बघत राहिला. त्याचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. त्यानं घसा खाकरला.

"तू वाघ होय?"

आवाज फाटका, गंजल्यासारखा होता. मी हो म्हटलं.

"मले वाटलं, कोणी मोठा माणूस असन," तो म्हणाला. "दाढीवाला. मले वाटे, तो घरी येईन."

मी म्हटलं, माझं चुकलं. अजून काय काय म्हटलं, आता आठवत नाही, एकामागं एक बोलत सुटले होते. तो ते ऐकत नव्हता. त्याला दुसरंच काही विचारायचं होतं, आणि तो शब्द जमवत होता. मी गप्प झाले.

"मी बस म्हटलं होतं," तो म्हणाला. मग माझ्याऐवजी त्यानंच पुढं सांगितलं, "तुले ऐकू नसन आलं. इथं रेंज राहत नाही."

त्यानं मला वाट करून दिली होती. किती सोपं होतं. हो म्हटलं असतं तर दोघंही सुटलो असतो, रेंजवर ढकलून मोकळे झालो असतो. त्याच्या तोंडाकडं पाहिलं तर त्यालाही तेच पाहिजे होतं असं वाटत होतं. कोणीतरी आपलं म्हणणं ऐकून सोडून दिलं, यापेक्षा ऐकूच गेलं नाही, हे सोसायला बरं असतं.

"आलं होतं," मी म्हटलं. "पह्यल्या दिवशीच आलं होतं."

त्यानं मान हलवली. "मले वाटलंच," म्हणाला, आणि पुन्हा वावरांकडं तोंड करून बसला. त्यानं मला जा म्हटलं नाही. थोड्या वेळानं मीच खाली उतरले.

बाई अजून त्याच पायरीवर उभी होती. वरून आवाज आल्याचं तिला कळलं होतं, शब्द कळले नव्हते. तिनं माझं मनगट धरलं. बोलला? मी हो म्हटलं. काय म्हणला? मला सांगवेना. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते, भुकेल्या माणसासारखे. काय म्हणला, सांग ना बाई, जसंच्या तसं सांग.

"'मी बस म्हटलं होतं,' असं म्हणला."

"एवढं बोलला?"

तिनं अंगणात बाबांना हाक मारली, भाऊ, बोलला पोरगा, आणि चहा ठेवायला लगबगीनं आत गेली. स्टो पेटवताना, भांडं विसळताना ती तेच वाक्य पुन्हा पुन्हा स्वतःशी म्हणत होती, हसत होती. मी बस म्हटलं होतं. मी बस म्हटलं होतं. मी दारात उभी राहून ऐकत होते.